सांधलेल्या दुपारी

पोर्ट सातवर त्रुटींचा आकडा शून्य होता.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी तो पाहिला, पडदा ताजा करून पुन्हा पाहिला, आणि बरं वाटायच्या ऐवजी मला कसंसंच झालं. त्या पोर्टची केबल बारा वर्षं जुनी. तिच्यावरून उंदीर गेलेत, रंगाऱ्यांचे डबे सांडलेत. अशी केबल एवढी निर्मळ कशी वागेल?

"बाबर सर, सात नंबर शून्य दाखवतोय."

"मग पेढे आण." बाबर सरांनी चहाचा कप तोंडापासून हलवलाही नाही.

"शुक्रवारी चार हजारांवर होता, सर."

"लग्नात सगळे जेवून गेले आणि एकाचीही तक्रार नाही म्हटल्यावर मुलीचा बाप घाबरतो ना, तसं तोंड झालंय तुझं. अगं, सांधणी चालू केलीस ना तू त्याच्यावर? मग?"

हो. मीच चालू केली होती, शुक्रवारी घरी निघताना.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे आणि त्याचं सगळं जाळं आम्ही दोघं सांभाळतो, बाबर सर आणि मी. स्विच म्हणजे या जाळ्यातला टपाल वाटणारा. कॅमेरा असो, मशीन असो, संगणक असो, जे काही बोलतं ते लहान लहान पाकिटांत बोलतं. पाठवणारा पाकिटाच्या शेवटी एक आकडा घालतो, आतल्या मजकुरावर गणित करून काढलेला. स्विच तेच गणित पुन्हा करून बघतो. उत्तर जुळलं तर पाकीट पुढे जातं. नाही जुळलं तर ते वाटेत खराब झालं असं समजून स्विच ते फेकतो आणि ज्या पोर्टमधून, म्हणजे ज्या खाचेतून, ते आलं तिच्या त्रुटींत एकाची भर घालतो.

हे आकडे वाचता आले की केबलला हात न लावता तिचं दुखणं कळतं. थोड्या थोड्या त्रुटी सतत वाढत असतील तर टोक सैल आहे. लाटेसारख्या येऊन ओसरत असतील तर जवळ कुठलं तरी मोठं यंत्र चालू होतंय. बाबर सरांनी मला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोटवून घेतली होती. एका टोकाचे आकडे म्हणजे एका बाजूची तक्रार. दोन्ही टोकं बघितल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.

पोर्ट सातच्या दुसऱ्या टोकाला पाळणाघर होतं. आणि पाळणाघरात माझी तनू होती, अकरा महिन्यांची.

पाळणाघर महिन्यापूर्वीच जुन्या स्टोअरच्या इमारतीत हलवलं होतं, भट्टीच्या शेडच्या मागे. तिथली केबल भट्टीच्या वायरींना चिकटूनच जाते. आमची भट्टी आता उन्हाच्या विजेवर चालते, म्हणून धातू वितळवायचा तो दुपारीच, दोन ते साडेतीन. त्या वेळात पोर्ट सातवर त्रुटींची लाट यायची आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यातून दिसणारी तनू अडखळायची. पापणी अर्धी मिटलेली, हात हवेत, आणि चित्र तिथंच थिजलेलं. त्या थिजलेल्या हाताकडे बघत मला काम सुचत नसे.

या वर्षी बसवलेल्या नव्या स्विचमध्ये यावर उपाय होता. तो खराब पाकीट फेकत नाही, सांधतो. प्रत्येक कॅमेऱ्याकडून, फोनकडून रोज काय येतं ते तो शिकत राहतो, आणि मधलं काही बिघडलं तर आपल्या अंदाजाने भरून काढतो. ओळखीचं गाणं मध्येच वाऱ्याने ऐकू आलं नाही तरी आपण मनात ते पुरं करतो ना, तसं. कंपनीचा माणूस म्हणाला होता, "डोळ्याला कळणारसुद्धा नाही." किती वेळापर्यंत भरून काढायचं ते आपण ठरवायचं असतं. तिथे 'एक सेकंद' लिहिलेलं होतं. मी ते बदलून 'गरजेनुसार' केलं होतं.

म्हणजे शून्याचं कारण समोर होतं. त्रुटी येत होत्या, पण सांधल्या जात होत्या. मी स्वतःलाच हसले आणि कामाला लागले. दुपारी दोनला भट्टी सुरू झाली. कोपऱ्यात तनू कुशीवर वळून गाढ झोपली होती. चित्र लोण्यासारखं. दीड तास ती हलली नाही आणि मी बऱ्याच दिवसांनी एका बैठकीत एक काम संपवलं.

संध्याकाळी तिला घ्यायला गेले तर शालनमावशी दारातच तिला कडेवर घेऊन उभ्या. माधवनगरच्या, पंचावन्नच्या आसपासच्या. सहा वर्षांत कारखान्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातून उठलेली-बसलेली.

"आलीस का गं बाई! आज लई रडली. भट्टी गुणगुणाय लागली की हिचं सुरूच. दोनपासनं घेऊन फिरते, खांदा धरला माझा."

"दुपारी?"

"दुपारीच की. डोळ्याला डोळा न्हाई लागला. तुला फोन लावत हुते आतला, तर तो बी लागंना."

मी तनूला घेतलं. तिचे डोळे सुजल्यासारखे होते. झोपून उठल्यावर असतात तसे, मला वाटलं.

"बरं," म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी येऊन तनू सातलाच झोपली, दूधही न पिता. नेहमी दहा वाजेपर्यंत आम्हा दोघांना नाचवणारी पोर.

*

मंगळवारी तेच. बुधवारीही. पडद्यावर तनू दीड तास शांत झोपलेली. खोलीत मावशींची सावलीसुद्धा नाही. त्या पुढच्या खोलीत असणार, मोठ्या तीन मुलांपाशी. आणि संध्याकाळी मावशींचं तेच: लई रडली, घेऊन फिरले, फोन लागत न्हाई.

फोन लागत नाही म्हणून मी मुद्दाम आकडे काढून बघितले. कारखान्याचा आतला फोनही पोर्ट सातवरच होता. त्रुटी शून्य. लाइन तर ठणठणीत होती.

मग बाई खोटं का बोलते?

हा प्रश्न मी गुरुवारी जेवताना मंदारला विचारला. माझ्या नवऱ्याचं मिरजेला औषधांचं दुकान आहे. त्याने पोळीचा घास ताटात परत ठेवला.

"दुपारी झोपते दीड तास, आणि परत सातला मेल्यासारखी झोपते?"

"मेल्यासारखी काय म्हणतोस रे!"

"बरं, गाढ. हेमांगी, एवढं झोपणारं पोर नाही हे. मावशी गुटी देतात का काही?"

"सगळ्याच देतात. वेखंड, मुरुडशेंग..."

"जायफळ?"

मी ताटातली भाजी चिवडत राहिले.

"सहाणेवर जायफळाचे दोन वळसे ठीक. सहा वळसे घातले तर मोठा माणूस पेंगतो. पोर झोपवायचं आणि वर सांगायचं की दिवसभर नाचवलं. तेवढंच कौतुक."

शुक्रवारी एक वाजता मी तनूला पाजायला गेले, ती आधीच खोलीची झडती मनात ठरवून. ओट्यावर सहाण होती, ओली. शेजारी पत्र्याची डबी. मी ती उघडली. वेखंड, हळकुंड, आणि एका बाजूने गुळगुळीत झिजलेलं जायफळ.

"हे काय, मावशी?"

"गुटीचं सामान. पोट दुखतंय का काय म्हणून वेखंडाचा एक वळसा दिला सकाळी."

"आणि हे?"

"जायफळ व्हय? ते खिरीला. मोठ्या पोरांना शेवयाची खीर लागती शनवारी." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "का गं?"

"काही नाही. सहज."

सहज नव्हतं ते, त्यांनाही कळलं. त्यानंतर त्या मला 'गं' म्हणाल्या नाहीत.

मी रेकॉर्डिंग जमवायला लागले. तारीख आणि वेळ घालून, एकेक दुपार वेगळी. मला आठवतंय, ते करताना मला एक प्रकारचं समाधान मिळत होतं. बाकीच्या आयांकडे नुसता संशय असतो, माझ्याकडे पुरावा आहे. रोज संध्याकाळी तनूला घेताना मी तिच्या तोंडाचा वास घ्यायची. दुधाचा यायचा. मग मी म्हणायची, जायफळाचा वास तोपर्यंत राहतो कुठे?

पुढच्या बुधवारी पाळणाघराच्या समितीपुढे मी लेखी तक्रार ठेवली. एचआरच्या मॅडम, इतर मुलांच्या दोन आया, मी, आणि टेबलाच्या टोकाला शालनमावशी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला.

"काल दुपारी दोन ते साडेतीन तनू काय करत होती?" एचआरच्या मॅडमनी विचारलं.

"रडत हुती. मी घेऊन फिरत हुते. गाणी म्हटली, खिडकीतनं मांजर दाखवलं."

मी चित्रफीत लावली. भिंतीवर मोठी तनू दिसायला लागली, कुशीवर, मूठ गालाखाली. श्वासाबरोबर पाठ वरखाली होत होती. मिनिटामागून मिनिट मी पुढे सरकवत गेले. पाळण्यात तनू. पाळण्यात तनू.

मावशी भिंतीकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचा भाव शोधत होते. तो नव्हता. आधी त्या थोड्या हसल्या, काहीतरी चूक झालीय आणि आत्ता कळेल अशा.

"ही कवाची?"

"कालचीच. दोन दहा."

मग मावशी अगदी हळू म्हणाल्या, "मग मी कुणाला घेऊन फिरत हुते?"

दोघींपैकी एक आई नाक उडवून म्हणाली, "काय नाटक!" मलाही ते नाटकच वाटलं. खरं सांगायचं तर त्या नाटकाचीच मला जास्त चीड आली.

मावशींनी भांडण केलं नाही. पिशवी उचलली, डबी आत टाकली. जाताना माझ्याजवळ थांबल्या. "मॅडम, तिला खिडकीपाशी घेतलं की गप होती. नव्या बाईला सांगा," म्हणाल्या आणि गेल्या.

*

नवी आली ती प्राजक्ता. बावीस वर्षांची, पाळणाघराचा रीतसर अभ्यासक्रम केलेली, बोलायला गोड. तिच्या हातात टॅब असायचा आणि त्यावर झोपायच्या खोलीचं चित्र. "सतत डोळा असतो मॅडम माझा," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. आता सगळं जुळत होतं. पडदा सांगायचा, झोपली. प्राजक्ता सांगायची, झोपली होती.

फक्त तनू जुळत नव्हती. संध्याकाळी हातात घेतली की ती माझ्या मानेला अशी चिकटायची की ओढून काढावी लागे. सकाळी पाळणाघराची पायरी आली की अंग ताठ करायची. मंदार म्हणाला, "माणूस बदललं ना, होईल सवय." मीही तेच म्हटलं. पण आता मला प्राजक्ताचाही संशय यायला लागला होता. एकदा संशयाची खिडकी उघडली की सगळ्यांवरच ऊन पडतं.

प्राजक्ता आल्याच्या चौथ्या दिवशी, मंगळवारी, मी एक वाजता पाजून परत आले. दोन वीस झाले असतील. पेन शोधायला कुर्त्याच्या खिशात हात घातला तर हाताला काहीतरी मऊ लागलं. तनूचा मोजा. पिवळा, घोट्यावर बदक. पाजताना ती पाय झाडत होती, तेव्हा निघाला असणार आणि मी खिशात टाकला असणार. मी तो नाकाला लावला. बाळाच्या पायाचा आंबूस वास.

तसाच नाकाशी धरून मी पडद्याकडे बघितलं. तनू झोपली होती. दोन्ही पायांत मोजे.

घातला असेल दुसरा, असं आधी मनात आलं. पण पिवळा जोड एकच होता. मी चित्र मोठं केलं. उजवा पाय, घोट्यावर बदक. डावा पाय, घोट्यावर बदक. आणि एक बदक माझ्या हातात.

हात सवयीने चालत राहिले. त्रुटींचा आकडा मी बघितलाच नाही, त्याचं शून्य मला पाठ होतं. गेल्या दहा मिनिटांत पोर्ट सातमधून धड अशी किती पाकिटं आत आली, ते काढलं. तीनशे बारा. मग पोर्ट चोवीस, जिथून तेच चित्र आमच्या पडद्यांकडे आणि रेकॉर्डरकडे जातं, तिथून किती बाहेर पडली?

दोन लाख चौदा हजार.

पेटीत तीनशे पत्रं पडली आणि पोस्टमनने दोन लाख वाटली. बाकीची त्याने स्वतः लिहिली होती. रोज दुपारी ही मुलगी या वेळी झोपलेली असते, हे त्याला जुन्या खोलीतल्या महिन्यांवरून ठाऊक होतं. भट्टी सुरू झाली की खरं चित्र यायचं बंद व्हायचं, आणि तो पाठ झालेली झोप काढून दाखवायचा. जितकं बिघडेल तितकं, गरजेनुसार.

"बाबर सर, हे बघा," एवढंच ओरडून मी पळाले.

ऑफिस ते पाळणाघर दोनशे पावलं असतील. भट्टीची गुणगुण दातांत जाणवत होती. पुढच्या खोलीत प्राजक्ता मुलांना चुरमुरे वाढत होती, टॅब मांडीवर. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय मॅडम."

मी आतलं दार ढकललं. तनू पाळण्यात पालथी होती. उजवा पाय मांडीपर्यंत गजांच्या मधून बाहेर अडकलेला, पिळलेला, आणि मोज्याशिवायचं ते इवलं पाऊल जांभळं पडत चाललेलं. ती रडत होती, पण आवाज उरला नव्हता. तोंड उघडत होतं, नुसती हवा येत होती.

तेल कुणी आणलं, गज कुणी वाकवला, मला नीट आठवत नाही. प्राजक्ता रडत होती, "मॅडम, आत्ता बघितलं हो मी, आत्ता," म्हणत टॅब माझ्यापुढे धरत होती. टॅबवर तनू गालाखाली मूठ घेऊन झोपली होती. मी एका तनूला छातीशी धरून दुसरीकडे बघत उभी होते.

पाय मोडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासात आलात ते ठीक झालं.

*

दुसऱ्या दिवशी बाबर सर आणि मी सगळे आकडे ओळीने लावले. भट्टी बंद असताना आत आलेली आणि बाहेर गेलेली पाकिटं जुळत होती. भट्टी चालू झाली की फाटा फुटायचा. सांधणी चालू केल्यापासून एकही दुपार सुटलेली नव्हती.

सर चष्मा काढून पुसत बसले.

"माझी पोरगी मेलबर्नला असते," ते म्हणाले. "दिवाळीत तासभर बोललो. एकदाही अडकलं नाही. मी हिला म्हटलं, काय सुधारणा झालीय बघ." चष्मा पुन्हा पुसला. "त्यातलं किती ती बोलली असेल गं?"

हे स्विच आता सगळीकडे बसताहेत. बँकेत, पोलीस ठाण्यात, दवाखान्यात.

"आणि शालनबाईंचं काय?" सरांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"एकच टोक बघितलंस, हेमांगी."

"हो."

मी समितीला पत्र लिहिलं. माझी तक्रार चुकीची होती. चित्रं खोटी होती. सांधणी मी स्वतः, माझ्या मुलीचं चित्र अडखळू नये म्हणून, कुणाला न विचारता मर्यादा काढून चालू केली होती. सरांनी ते वाचलं. "शेवटचं वाक्य काढ. 'सेटिंगमध्ये चूक झाली' एवढं पुरे. नाव घातलंस तर सगळं तुझ्यावरच येईल."

"मावशींचं नाव मी पूर्ण लिहिलं होतं, सर. वय आणि पत्त्यासकट."

पत्र तसंच गेलं. माझ्याकडचे स्विचचे अधिकार काढून घेतले, चौकशी लागली, ती अजून चालू आहे. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, शालनबाईंना परत बोलावू, फोन करतो. दोन दिवसांनी म्हणाल्या, फोन उचलत नाहीत.

रविवारी सकाळी मी तनूला घेऊन माधवनगरला मावशींच्या घरी गेले. मंदार येतो म्हणाला, मी नको म्हटलं. दार सुनेने उघडलं. मला ओळखलं तिने, आणि आत घ्यावं की नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आई हायत. पण बोलत न्हाईत फारशा."

आत झोळीत तिचं चार महिन्यांचं बाळ होतं. मावशी झोळीपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यांना कागद चिकटवलेले दिसत होते: साखर, मीठ, रवा. अक्षर मोठं, थरथरतं.

"आमच्या आईचं असंच झालं हुतं," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आधी भाजीत दोनदा मीठ. मग म्हणायची, दारात माणसं आली. कुणी नसायचं. मला बी तेच लागलंय मॅडम. मी बघितलं ना त्या भिंतीवर. पोर झोपली हुती, आन् मला रडणं ऐकू येत हुतं. आता मी नातवाला घेत न्हाई. घ्यावं, आन् हातात काय तरी भलतंच असावं."

मी सकाळपासून काय बोलायचं ते घोकत आले होते. आकड्यांचा कागदही आणला होता. तो मी पर्समधून काढलाच नाही.

"मावशी, ती रडत होती."

त्यांनी मान वळवली.

"भिंतीवरचं चित्र यंत्राने बनवलेलं होतं. खरं चित्र येत नव्हतं, म्हणून त्याने मनाचं दाखवलं. आणि ते यंत्र मी तसं लावलं होतं. तुम्हाला ऐकू आलं ते खरं होतं. तुम्ही तनूलाच घेऊन फिरत होतात."

"तुम्ही ऐकलं तिला रडताना?"

"नाही. कुणीच नाही. तुम्हीच."

सून दारात उभी राहिली होती. मला वाटलं, आता मावशी मला घराबाहेर काढतील, आणि काढायला हवंच होतं.

"अकरा दिवस," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण तो रागाने. "अकरा दिवस मी माझंच डोकं तपासतेय. ग्यास बंद केला का म्हणून सुनेला चार चार वेळा उठवते. सहा वरसं तुमची पोरं सांभाळली मी. एकदा खाली उतरून बघायचं हुतं. दोनशे पावलं हायत."

"हो," मी म्हणाले.

"आता मी तिथं यायची न्हाई. बोलावू नका."

"नाही बोलावणार. मावशी, एक मागायचं होतं. त्या दुपारी माझ्याकडे नाहीत. जे आहे ते सगळं खोटं आहे. खरं फक्त तुमच्याकडे आहे. सांगाल? काय करायची ती?"

तनू मांडीवरून उतरून रांगत त्यांच्याकडे निघाली होती. मावशींनी हात मागे घेतले. तनूने त्यांच्या लुगड्याचा काठ धरला आणि त्याला लटकून उभी राहिली.

"पहिल्या सोमवारी नुसती किंचाळली," मावशी बोलायला लागल्या, माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त. "खालचा ओठ काढायची आधी, मग एक दम, आन् मग भोंगा. मंगळवारी मांजर दिसलं खिडकीत. ते येईतवर वाट बघायची. बुधवारी माझ्या कानातलं ओढलं, रगात काढलं." त्या थांबल्या. "गुरवारी..."

"गुरुवारी काय?"

"ते सांगायचं नसतं आयांना."

"सांगा."

"चालली. भट्टीचं सुरू हुतं, मी हिला खाली ठेवून पदर खोचत हुते. तर ही उभी, आन् निघाली की. तीन पावलं. चौथ्याला बसली."

पण ती त्यानंतरच्या रविवारी घरी चालली होती पहिल्यांदा, आमच्या बैठकीच्या खोलीत. सोमवारी सकाळी पाळणाघराच्या दारात मी जायफळ विसरून मावशींना ते दोनदा सांगितलं होतं, आणि त्यांनी "खरं की काय!" म्हणून गालाला हात लावला होता.

"आम्ही कधीच सांगत न्हाई," मावशी म्हणाल्या. "पहिला दात, पहिलं पाऊल. आईनं घरी बघायचं ते. म्हणून तुमच्यापुढं तेवढं एक खोटं बोलले मी. तुम्हाला वाटलं ना, बाई काय तरी लपवती? ते बरोबरच हुतं तुमचं."

तनू काठ सोडून त्यांच्या गुडघ्यावर चढायला बघत होती.

"कुठे निघाली होती?" मी विचारलं. "कुठल्या बाजूला?"

"दाराकडं. दुसरीकडं कुठं जाईल?"

झोळीतलं बाळ कुरकुरलं. सून पुढे झाली, पण मावशींनी तिला हाताने थांबवलं आणि कान देऊन ऐकत राहिल्या. मग तनूला एका मांडीवर नीट बसवून त्या म्हणाल्या, "रडतोय तो. आण इकडं."